एकच टक

सकाळचे सहा. डलुथमध्ये उणे बावीस.
चावी फिरवली, गाडी म्हणाली, टक.
पुन्हा फिरवली. टक.
नळाचं पाणी गेल्यावर तोटीच्या तोंडाशी
एक थेंब लोंबतो, तसा तो आवाज.
त्याच्या मागून काहीच येत नाही.

समोरचा आर्व्हिड आला, ब्याऐंशीचा,
कानटोपी, खांद्यावर जंपर केबल.
न बोलता आपली गाडी माझ्या गाडीच्या नाकासमोर लावली.
ह्या गावात मदत अशीच करतात,
तोंडातली वाफ वाचवून.
दहा मिनिटं थांबलो. फिरवली.
टक.
आर्व्हिडनं मान हलवली, सांत्वनाला आल्यासारखी,
आणि कॉफी आणायला घरात गेला.

सातला माझे चार पेशंट खुर्च्यांत येऊन बसतात,
त्यांचं रक्त माझ्या मशीनमधून धुऊन परत जातं.
टो-ट्रकवाला म्हणाला, तीन तास तरी लागतील,
आज अर्धं गाव बंद पडलंय.

मग बोटांनी तो नंबर लावला.
डोक्याला विचारलं नाही.
विट्यात संध्याकाळचे साडेपाच,
गॅरेजात कंप्रेसर चालू असणार.
सहा वर्षं झाली, एका वाक्यावरून.
ते वाक्य नक्की कुणाचं होतं
ह्यावर अजून आमचं एकमत नाही.

"हॅलो," दिगू म्हणाला.
"गाडी चालू होईना," मी म्हणाले.

त्यानं कोण म्हणून विचारलं नाही.
"आवाज ऐकव."
फोन डॅशबोर्डवर धरला. टक.
"एकच? का टकटकटकटक?"
"एकच."
"दिवे लाव. आता फिरव. दिवे काय करत्यात?"
"डोळे मिटतात."
"मग बॅटरी मेली न्हाई. हाय ती आत.
तिचं पोचंना झालंय फक्त."
मी काही बोलले नाही.
"उतार हाय का?"
अख्खं गाव उतारावर, तळाशी गोठलेलं सरोवर.
"मग दे ढकलून, सेकंडला टाक, क्लच सोड..."
"ऑटोमॅटिक आहे रे."
"मग उतार असून काय उपेग. थंडी किती?"
"उणे बावीस."
पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज.
"आन मग माणसं कशी चालू होत्यात तिथं?"

बॉनेट उघडलं. लाल टर्मिनलवर
तांब्याच्या घागरीला धरतो तसला कळंक,
हिरवट पांढरा, फुगून आलेला.
आर्व्हिडचा चिमटा त्याच्यावरच चावला होता.
"दहाचा पाना घे. साफ करायची लाल,
पण काढताना काळी आधी. जोडताना काळी शेवटी.
चुकू नको."
हातमोजा काढला, पान्याला कातडी चिकटली.
जुन्या टूथब्रशनं, पॉलिश पेपरच्या तुकड्यानं,
शेवटी घराच्या किल्लीनं खरवडलं
शिशाची चमक दिसेपर्यंत.
"आतनं पण," तो म्हणाला, "क्लॅम्पच्या आतनं.
वरनं सगळ्यांचंच साफ दिसतंय."
नट आवळले. काळी शेवटी.

चावी.
आधी काहीच नाही. मग एक लांब कण्हणं,
मग घसा खाकरल्यासारखं काहीतरी,
आणि अख्खी गाडी थरथरत जागी.
रस्त्याच्या मधोमध आर्व्हिड दोन कप घेऊन उभा,
त्यातला एक त्यानं वर केला.

"ऐकतोयस?"
"टॅपेट वाजत्यात जरा."
"हो."
"लगीच बंद करू नको. भरायला येळ लागतो तिला.
वीसेक मिनटं तरी."

मग त्याला कुणीतरी हाक मारली,
रिक्षाची क्लच वायर तुटली होती.
फोन त्यानं कापला नाही,
बाकड्यावर तसाच ठेवला असणार.
हातोडी, कुणाची तरी शिवी,
चहा उतू गेल्याची बोंब.
आर्व्हिडचा कप मांड्यांत धरून
मी हीटरचा पंखा एक घर कमी केला,
ऐकू यावं म्हणून,
आणि गाडी हळूच उताराला लावली.